घाईच्या गाण्यातला डावा हात

बुधवार, सहा तारीख

दादा,

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस, वकिलाची नोटीस नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच फेकलं असतंस, म्हणून ही युक्ती. बाबांच्या सलूनमधला दरफलक दरवर्षी मीच रंगवायचे, त्यामुळे माझं अक्षर तू अंधारातही ओळखशील. माझा नंबर तू अडवून ठेवलायस आणि घरचा पत्ता मला कधी दिला नाहीस. म्हणून हे तुमच्या बँडच्या कचेरीत पाठवतेय.

सोमवारच्या पेपरात तुमच्या कार्यक्रमाचं जे परीक्षण आलं, ते मी लिहिलंय. सासरच्या आडनावाने लिहिते म्हणून तुमच्या चाहत्यांना आपलं नातं माहीत नाही. तुला माहीत आहे, आणि 'बघा, हिने डाव साधला' असं तू म्हणालाही असशील. गायकाच्या आवाजाला मी गंजलेलं बिजागर म्हटलं. दोन्ही गिटारवाले एकमेकांशी अबोला धरल्यासारखे वाजवत होते, असं लिहिलं. कीबोर्डवाल्यालाही सोडलं नाही. 'सगळा कार्यक्रम ओली गादी जिन्यावरून वर नेल्यासारखा चालला' हे वाक्य तर लोकांना आता पाठ झालंय. शेवटी लिहिलं की इतक्या वर्षांनी एकत्र आलात ते पुरे झालं, पुढचे कार्यक्रम रद्द करा, आमच्या आठवणी तरी शाबूत राहतील.

तुमचे पहिल्या रांगेवाले खवळलेत. तेच ते, काळे शर्ट घालून दर कार्यक्रमाला सगळ्यात पुढे उभे राहणारे. बँड फुटला तेव्हा पोरसवदा होते, आता पोटं सुटलीत, पण प्रेम तसंच आहे. एकाने लिहिलंय, 'बाईंना कान नाहीत, नुसती कानातली आहेत.' हे मला आवडलं. दुसऱ्याने आमच्या इमारतीचा फोटो टाकलाय, फाटकावरच्या नंबरासकट. हे मात्र नाही आवडलं. परवापासून फोन वाजतो, उचलला की कोणी बोलत नाही, मागे तुमचं गाणं चालू असतं. मी आणि पोरगी, दोघीच असतो घरात. दाराला नवी साखळी लावून घेतलीय.

तू एक वाक्य बोल, एवढंच मागणं आहे. 'पेपरवालीला सोडा' म्हण. तुझं ते ऐकतील. गायकाचं नाही ऐकणार, त्याचं त्याची बायकोही ऐकत नाही.

तब्येत कशी आहे? झोप लागते ना नीट?

तुला नको असलेली, तरी तुझीच,
धाकटी


शनिवार, नऊ तारीख

दादा,

उत्तर नाही. यायला हवं असा हट्टही नाही, पण रोज टपालपेटी उघडून बघते.

गुरुवारी पोरगी शाळेतून आली तर फाटकाला कॅसेटची तपकिरी फीत गुंडाळलेली, खालपासून वरपर्यंत, कोळ्याचं जाळं लागल्यासारखी. आधी हसली. मग म्हणाली, "आई, हे आपल्यासाठी केलंय का गं?" मी म्हटलं, नाही, कोणीतरी टवाळ पोरं असतील. कात्रीने ती फीत कापून काढायला माझा कितीतरी वेळ गेला. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. "चांगलं लिहायचं ना जरा," म्हणाल्या, "आपलं काय जातंय!" संपादक मात्र खूश आहेत. "अजून एक असंच होऊन जाऊ दे," म्हणतात. त्यांच्या फाटकाला कोणी काही गुंडाळलेलं नाही.

पण मी त्यासाठी नाही लिहीत आहे. त्याहून वाईट काहीतरी चाललंय.

ओल्या गादीचं वाक्य त्यांना फार झोंबलं. मी खोटी आहे हे सिद्ध करायचंच असा त्यांनी विडा उचललाय. ज्याने ज्याने कार्यक्रम फोनवर टिपला होता, त्याने तो आणून दिलाय, आणि जुन्या रेकॉर्डशेजारी ठेवून एकेक गाणं तपासणं चालू आहे. ठोका न् ठोका. आतापर्यंत झालेली सगळी गाणी चोख निघाली. निघणारच, चोखच होती ती. दर गाण्यानंतर 'बाईंना अजून एक दणका' म्हणून जल्लोष करतात.

तुमचं ते सगळ्यात जलद, घाईचं गाणं अजून व्हायचंय.

त्या गाण्याला तुमच्याकडे कोणी टाळी वाजवत नाही. ताल बिघडू नये म्हणून तुम्हीच घातलेला जुना नियम: गाणं सुरू झालं की सगळ्यांनी हात खिशात घालायचे आणि गप्प उभं राहायचं. त्या दिवशीही हजारो माणसं हात खिशात घालून उभी होती. टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं, दादा. मग बाकीचं काय काय ऐकू आलं असेल?

तपासणी थांबव. काहीही कारण सांग. माझ्यासाठी नको म्हणतेय मी, तुझ्यासाठी.

हेही टाइप केलंय, घाई आहे म्हणून.

धाकटी


मंगळवार, बारा तारीख

दादा,

झाकून झाकून किती झाकायचं! सरळ लिहिते.

घाईच्या गाण्यात पहिल्या कडव्यानंतर तुझ्या डाव्या हाताची करंगळी ड्रमच्या स्टिकवरून सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. पुढे मधले ठोके गळायला लागले. तू ते उजव्या हाताने आणि पायाने सावरून घेतलंस, इतकं छान की माझ्या शेजारच्या पेपरवाल्याला पत्ताही लागला नाही. पण ती करंगळी मी ओळखते. वस्तरा धरताना बाबांची अशीच सुटायची.

तू तेव्हा दौऱ्यावर असायचास, तुला फक्त शेवट माहीत आहे. ते दोन वर्षं लपवत होते. हात टॉवेलखाली ठेवायचे. वस्तरा चालवताना मनगट गिऱ्हाइकाच्या गालाला टेकवायचे. मुद्दाम बडबड्या गिऱ्हाइकांना खुर्चीत घ्यायचे, म्हणजे कुठे ओरखडा उठलाच तर 'बोलू नका हो मध्ये' म्हणून त्यालाच दटावता येतं. रोज सकाळी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरून आरशासमोर उभे राहायचे. सांडला नाही तर सलून उघडायचं. एक दिवस पेला सांडला तरी उघडलं, आणि पोस्टमनचा कान कापला गेला. सगळं सलून बघत होतं. बाबा नुसते त्या कानाकडे बघत राहिले.

त्याच दिवशी मी वस्तरे टॉवेलात गुंडाळून कपाटात बंद केले आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. मग ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आरशाकडे तोंड करून बसायला लागले, ते जाईपर्यंत. तू आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "तू त्यांचा वस्तरा नाही, त्यांचा जीव काढून घेतलास." तेव्हापासूनचा हा अबोला.

तुमचा दौरा वर्षभराचा आहे. कधीतरी स्टिक हातातून सुटेल, आणि पोस्टमनच्या कानासारखं ते सगळे बघतील. ते व्हायच्या आत दौरा बंद पडावा म्हणून मी तसं लिहिलं. तुझ्याबद्दल एक अक्षर लिहवेना, म्हणून सगळं बाकीच्यांवर ढकललं. गायक बिचारा बरा गायला होता. तुझा हात झाकायला गेले आणि सगळ्या जगाच्या हातात भिंग देऊन बसले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आज दुपारी पोरीच्या शाळेसमोर दोन काळे शर्टवाले उभे होते. बसची वाट बघत होते, बस आली आणि गेले. पण तोवर माझी पाचावर धारण बसली होती. घरी आले आणि पेपरसाठी एक वाक्य टाइप केलं: 'घाईच्या गाण्यात ड्रमरचा डावा हात बघा.' एवढं पुरलं असतं. सगळे गप्प झाले असते आणि माझी पोरगी निवांत शाळेत गेली असती. त्या वाक्याकडे बराच वेळ बघत बसले. मग पुसलं. पण पुढच्या वेळी पुसेनच अशी हमी मला माझीच देता येत नाही. मी काही सोन्यासारखी माणूस नाही, तुझं ते कधीच सांगून झालंय.

मला भीती वाटते रे. तू स्वतःहून सांगून टाक, नाहीतर घरी ये, नाहीतर फोनवर येऊन शिव्या घाल. काहीतरी कर.

धाकटी


शुक्रवार, पंधरा तारीख

दादा,

काल संध्याकाळी बेल वाजली. पोरगी मैत्रिणीकडे होती. मी इस्त्री करत होते, ती इस्त्री हातात तशीच धरून दाराशी गेले.

"कोण आहे?"

"दातांचा डॉक्टर."

"आम्ही बोलावलं नव्हतं."

"नाही, नाही. म्हणजे मी पहिल्या रांगेतला."

साखळी न काढता फटीतून बघितलं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर हेल्मेट, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटाखाली तुमचा काळा शर्ट. हात वर केलेले, मी पिस्तूल रोखल्यासारखे. "ताई, ती इस्त्री गरम आहे का?" म्हणाला. मी म्हटलं, "भरपूर." तरी तो गेला नाही. फटीतून फोन पुढे केला. पडद्यावर घाईचं गाणं होतं, आवाज बंद, आणि तुझा डावा हात हळू करून मोठा केलेला.

"हे तुम्ही पाहिलं होतं ना?"

"मला काही दिसलं नाही."

"दिसलं तुम्हाला. पाच जणांचा बँड, चौघांची सालं काढलीत आणि ड्रमरबद्दल चकार शब्द नाही. परत परत वाचलं मी. अहो, जगातल्या कुठल्याही पेपरवाल्याने ड्रमरला असं सोडलेलं नाही."

 साखळी काढली, त्याला आत घेतलं, आणि स्टुलावर बसून रडले. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला म्हटलं, "तो माझा दादा आहे."

"अरे देवा," तो म्हणाला. "आणि आम्ही तुम्हाला काय काय बोललो!"

"ते कानातल्यांचं कोणी लिहिलं होतं?"

तो हेल्मेटकडे बघत राहिला. "मीच," म्हणाला.

त्याच्यासारख्या चौघांनाच कळलंय. त्याने का ओळखलं तेही सांगितलं: सगळा जन्म लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेला, आपला हात एक दिवस आपलं ऐकणार नाही ही धास्ती त्याला रोज असते. मी विचारलं, आता काय करणार? "तेच तर विचारायला आलोय," म्हणाला. त्याला पाणी द्यायला गेले तर पेला अर्धा जमिनीवर. घाबरले होते ना. त्याने त्या ओल्या फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि उरलेलं पाणी गुपचूप प्यायला.

ठरलं ते ऐक. तपासणी एकदम थांबवली तर लोक विचारतील, का थांबवली? म्हणून चौघांनी जाहीर करायचं की घाईचं गाणंही चोख निघालं, आणि मला शिव्या द्यायच्या, आधीपेक्षा जोरात. "भांडण रंगलं की गाणं कोण बघतंय?" तो म्हणाला. इमारतीचा फोटो काढून टाकायला लावतो आणि शाळेकडे कोणी फिरकणार नाही, याचा शब्द दिलाय. मी हो म्हटलं. कॅसेटच्या फितीचं विचारलं तेव्हा दुखावला. "आमचा माणूस तुमच्या भावाची कॅसेट फाडेल? ती गायकाने एकट्याने काढली होती ना, ती असणार. ती फाडायलाच घेतली होती लोकांनी."

हसले, दादा. पुष्कळ दिवसांनी हसले. पण तो गेल्यावर साखळी लावली आणि पुन्हा धडकी भरली. नाटक चौघांचं आहे, बाकीचे खरंच चिडलेत. आज सकाळपासून शिव्यांचा पाऊस पडतोय आणि त्यातली कुठली खोटी, कुठली खरी, ते मला ओळखता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकायला किती माणसं लागताहेत बघ.

धाकटी


सोमवार, पंचवीस तारीख

दादा,

काल मी तिथे होते.

दातांच्या डॉक्टरने तिकीट दिलं. मी पोरीची टोपी कपाळापर्यंत ओढून गर्दीत मधोमध उभी राहिले. माझ्या पुढच्या दोघांच्या शर्टांवर छापलं होतं, 'ओली गादी'. शेजारची बाई मैत्रिणीला सांगत होती, "ती पेपरवाली भेटू दे मला एकदा, उभी सोलते." मी टोपी अजून खाली ओढली. घामाने अंग चिंब झालं होतं. कोणी नुसतं माझ्याकडे वळून बघितलं तरी मी मान खाली घालायचे. पण पळून जावंसं वाटलं ते त्यांच्यामुळे नाही. घाईचं गाणं जवळ येत होतं.

सुरू झालं. सगळ्यांनी हात खिशात घातले. माझाही हात आपोआप खिशात गेला. मी तुझ्या करंगळीकडे बघत होते आणि देवाचं नाव घेत होते, जे मी बाबांच्या वेळीही घेतलं नव्हतं.

पहिलं कडवं संपलं. आणि पहिल्या रांगेवाल्यांनी हात बाहेर काढले. टाळ्या सुरू झाल्या, पण कशाही नाहीत: बरोबर तुझ्या डाव्या हाताचे ठोके पडतात तिथे. डॉक्टरने आठवडाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं म्हणे, 'या वेळी नियम मोडायचा. ओली गादी म्हणणाऱ्या बाईच्या घरापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.' माझ्यावरच्या रागाने ते सगळे महिनाभर तालीम केल्यासारखे वाजवत होते. खरं कारण चौघांना माहीत, आणि मला.

तू चिडून त्यांच्याकडे बघितलंस, तुमचा नियम मोडला म्हणून. मग करंगळी सुटली. शेजारचं बोट सुटलं. स्टिक कलली. आणि ताल तुटला नाही. तोवर मागची सगळी गर्दी टाळ्यांना मिळाली होती, हजारो हात तुझा ताल धरून होते. मी बघितलं, तू आधी आपल्या हाताकडे बघितलंस, मग पहिल्या रांगेकडे, मग डावा हात मांडीवर ठेवलास आणि उजव्या हाताने गाणं शेवटपर्यंत नेलंस. गायकाने एकदा वळून बघितलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं. संपल्यावर जो आरडाओरडा झाला त्यात मी रडले ते कोणाला दिसलं नाही. उभी सोलणार होती त्या बाईने मला मिठी मारली.

मीही टाळ्या वाजवल्या. तालात नव्हत्या, ते जाऊ दे.

मी बाबांच्या हातातून वस्तरा काढून घेतला. त्या सलूनमध्ये त्यांच्यासाठी दुसरं काही करता आलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. गळ्यापाशी वस्तरा असतो, तिथे टाळ्या वाजवून भागत नाही. पण ते आरशासमोर बसलेले असायचे तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. मी किल्ली घेऊन हिंडत राहिले. दौरा बंद कर असं आता म्हणणार नाही. फक्त डॉक्टरांना हात दाखव. दातांच्या नव्हे, दुसऱ्या.

धाकटी


शनिवार, तीस तारीख

दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. ड्रमशेजारी चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद, त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेली. आधी अक्षरच बघत बसले. तुझ्या ओळी वर चढायला लागल्यात.

'सगळी पत्रं वाचली,' तू लिहिलंयस. 'तू मला जन्मात टाइप केलेलं पत्र पाठवलं नाहीस. पाकिटाचं कारण पहिल्या पत्राला चाललं असतं, पाचांना नाही चालत. पुढचं हाताने लिही. मग येतो.'

हे हाताने लिहिलंय. आधीचे तीन कागद फाडले, हा चौथा आहे आणि आता कसाही असो, पाठवणार.

गेल्या हिवाळ्यात सुरू झालं. पेनावरून करंगळी सुटली, आपोआप. मी ती परत ठेवली. ती परत सुटली. तेव्हापासून सगळं टाइप करते, ऑफिसातही, त्या परीक्षणासकट. रोज पेला भरून आरशासमोर उभी राहते, पोरगी उठायच्या आत. बाबांना हसायचे मी त्यावरून. त्या दिवशी तुझी करंगळी इतक्या लांबून दिसली, कारण दुसरं काही मी हल्ली बघतच नाही. आणि ती दिसली तेव्हा मी आधी माझी बघितली, दादा. तुझी काळजी वाटली ती त्यानंतर. तुझा दौरा बंद पडावा, तुझा हात कोणाला दिसू नये, म्हणजे जगात असं काही नाहीच असं मला म्हणता येईल, हेही त्या लिहिण्यात होतं. घाबरलेल्या माणसाने लिहिलेलं होतं ते.

पोरीला अजून माहीत नाही. तिचे हात मी ती झोपली की बघते. चांगले आहेत.

डॉक्टरकडे एकटीने जायची हिंमत होत नाही. तुझीही होत नसणार, तू तसाच आहेस. दोघं मिळून जाऊ. एकाने दुसऱ्याला भित्रा म्हणायचं नाही, एवढं आधी ठरवू.

वाचता आलं का हे? आलं असेल तर ये. बेल वाजवलीस की मीच दार उघडेन. साखळी काढायला हल्ली मला वेळ लागतो, परत जाऊ नकोस, थांब.

धाकटी